बिनखुणेची नाणी

नेरमधली ती दोन दिवसांची घटना मी अजून विसरू शकलेलो नाही. नोकरीत मोठमोठे गुन्हे पाहिले. त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता पंचनामा कुठला हेही सांगता येणार नाही. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे उरले, कारण तो गुन्हाच नव्हता आणि तो नोंदवणारा मी होतो.

ज्यांच्याविरुद्ध नोंदवला ते लेथ मशीनवाले मिस्त्री गेल्या महिन्यात वारले. नेरहून फोन आला तेव्हा मी यवतमाळला घरीच होतो. मय्यतीला गेलो, इतरांसारखी तीन मुठी माती दिली आणि परत आलो. तेव्हापासून हे लिहितो आहे. कधी दिवसाला चार ओळी होतात, कधी त्याही होत नाहीत. नावे कोणाचीच लिहीत नाही. जे गेले त्यांना आता फरक पडणार नाही. जे आहेत त्यांना पडेल.

त्या काळात दहा रुपयांच्या नाण्याविषयी आमच्या भागात मोठा गोंधळ होता. हे नाणे दोन धातूंचे, बाहेरचे कडे पिवळे आणि आतला गोल पांढरा. सरकारने ते वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या छापाचे काढले. एकावर दहा रेषा, दुसऱ्यावर पंधरा; एकावर रुपयाचे चिन्ह आहे, दुसऱ्यावर नाही. सगळी खरीच. पण बाजाराने आपला निकाल देऊन टाकला होता : दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे. पुढे तर लोक रेषा मोजायच्याही भानगडीत पडेनासे झाले. ऑटोवाला, भाजीवाली, चहावाला, सगळ्यांचे एकच उत्तर : "हे नाई चालत इकडे."

मी नेरला ठाणेदार होतो. एका शनिवारी सकाळी बाजारातले एक किराणा दुकानदार माझ्या खोलीत आले. आधी दार लोटून घेतले, मग खुर्ची टेबलाजवळ ओढली. मुठीतली चार नाणी त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"साहेब, बाजारात लय होऊन राह्यले हे. मी पाळत ठेवली. सगळे त्या लेथवाल्याकडून येऊन राह्यले."

"कशावरून?"

"त्याच्याकडं गोणी हाय भरलेली. अन् छापाचं यंत्र हाय. पितळ तर त्याच्याकडं पडेलच असते. आता तुमीच हिशेब लावा."

दुकानदार खोटे बोलत नव्हते. जे पाहिले तेच सांगत होते. मिस्त्रींशी त्यांचे याच नाण्यावरून भर बाजारात भांडण झाले होते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. खबर देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा असतो तो हा, की बाबा, तुझे त्याच्याशी काय आहे? नव्या शिपायांना हे मी स्वतः शिकवत असे.

मी न विचारण्याचे कारण वेगळे होते. मला वाचायचा नाद. ठाण्यात माझ्यामागे मला 'पुस्तकवाले साहेब' म्हणत, तेही माहीत होते. काही वर्षांपूर्वी नाण्यांवरचे एक पुस्तक वाचून मी एका वहीत टिपणे काढली होती. नाण्यावर वर्षाचा आकडा असतो, त्याच्या खाली एक बारीक खूण असते. नाणे कोणत्या टाकसाळीत पाडले ते त्या खुणेवरून कळते. चौकटचा आकार असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा. तिन्ही खुणा मी वहीत पेन्सिलने काढूनही ठेवल्या होत्या.

मी भिंग घेतले. चारही नाण्यांवर आकड्याखाली काहीही नव्हते.

मला आनंद झाला, हे लिहायला हवे. चार पुस्तके वाचल्याचा नोकरीत पहिल्यांदा उपयोग होतो आहे असे वाटले.

दुपारी दोन वाजता दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला. मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे, हाताची बोटे तेलाने कायमची काळी झालेली. दुकानात लेथ, एक हाताने फिरवायचे दाबयंत्र, पितळी पत्र्याच्या पट्ट्या आणि कोपऱ्यात गोणी. गोणीत दहाची नाणी. यंत्राजवळ दोन पोलादी ठसे मिळाले. एकावर कापसाचे बोंड कोरलेले, दुसऱ्यावर आकडा.

"हे काय आहे?" मी विचारले.

"बिल्ले हायेत साहेब, कापसाच्या जिनिंगच्या हमालाईचे. गठाण उचलली का एक बिल्ला भेटते त्याईले. ते मीच पाडतो."

"बिल्ले पाडतोस, मग नाणी पाडायला किती वेळ लागतो?"

मी त्यांना 'तू' म्हणालो. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे, यंत्र बिघडले की कारागीर पाहतो तसे. "साहेब, हे दोन धातूचं काम हाय. कडं वेगळं, मधला गोल वेगळा, मंग एकात एक बसवा, मंग ठसा मारा. एक नाणं बनवाले माहे दहापेक्षा जास्त लागतीन. दहाच्या नाण्यासाठी बारा रुपये कायले घालू मी?"

त्या दोन दिवसांत कोणी बोललेले हे सर्वांत शहाणे वाक्य होते. मी ते जबाबात जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्याकडे लक्ष दिले नाही.

गोणीचे त्यांचे उत्तरही साधे होते. बाजारात कोणी दहाचे नाणे घेत नव्हते म्हणून त्यांनी दुकानावर पाटी लावली, 'येथे दहाचे नाणे चालते'. मग ज्याच्याकडे नाणे अडकले तो त्यांच्याकडे येऊन खपवू लागला. ते घेत, आणि त्यांच्याकडून कोणी घेत नसे. बँकेत नेली तर आज गर्दी आहे, नंतर या.

"मग पाटी काढायची होती," मी म्हणालो.

"काहून काढू? सरकारचं नाणं हाय. मी नाई म्हणणारा कोण?"

हा ताठा मला आरोपीचा ताठा वाटला. मुद्देमाल जप्त झाला, पंचांच्या सह्या झाल्या, अटकेची नोंद स्टेशन डायरीत पडली. वेळ दुपारची दोन वाजून चाळीस मिनिटे. म्हणजे रविवारी तेवढ्याच वाजेपर्यंत त्यांना न्यायाधीशांसमोर उभे करणे भाग होते. वरिष्ठांना फोन केला. ते खूश झाले. "रविवारी एक वाजता पत्रकारांना बोलावतो," म्हणाले. "मुद्देमाल नीट मांडा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर जप्त वस्तू मांडायच्या, मागे अधिकारी ओळीने बसतात, त्यांच्या मागे आरोपीला तोंडावर काळा बुरखा घालून उभे करतात. छोट्या गावात बुरख्याचा काही उपयोग नसतो. बोटांवरूनही माणूस ओळखू येतो.

संध्याकाळी मिस्त्रींची पत्नी डबा घेऊन आली. ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून राहिली. मी बाहेर आलो तेव्हा उठून तिने गोळ्यांचे पाकीट पुढे केले.

"साहेब, ही गोली जेवणाच्या आधी द्यायची. शुगर हाय त्यांना. भूल मत जाना." आणि थोडे थांबून, "ते सकाळी चहासुद्धा न घेता दुकानात गेले होते. काम होतं म्हणे."

तिने नवऱ्यासाठी रदबदली केली नाही, रडली नाही. गोळीचेच दोनदा सांगितले. फाटकाबाहेर पंधरावीस माणसे जमली होती. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "मोहल्ल्यात कारखाना निघाला म्हणते ना!" दुसरा हसला. आपण नोंदवलेला गुन्हा एका माणसापुरता राहिलेला नाही, साऱ्या मोहल्ल्यावर गेला आहे, हे मला तिथे उभे असताना कळले.

मी आत येऊन मुद्देमालाच्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. मदतीला आमचे जमादार होते. तीस वर्षे नोकरी झालेले, तोंडाने फटकळ. नाणी हाताखालून जाऊ लागली तेव्हा दिसले की कोणते नवे कोरे आहे, कोणते झिजलेले, एकाच्या कड्यात हळदीचा पिवळेपणा बसलेला. वर्षेही निरनिराळी. खोटे पाडणारा एका बैठकीत पाडतो, त्याचा माल एका वयाचा असतो. ही नाणी निरनिराळ्या घरांतून आलेल्या माणसांसारखी होती.

जमादारांनी माझे भिंग उचलले, खिशातून स्वतःचे एक दहाचे नाणे काढले आणि बराच वेळ पाहिले.

"साहेब, याच्यावर बी खूण नाई."

"बघू."

नव्हती.

"हे तर मले बँकेतून भेटलं. बंद पाकिटातून, माह्यासमोर फोडलं त्याईनं. आता सांगा, बँकवाल्याले बी आणू का धरून? लॉकअपात जागा हाय अजून."

ते हसले. मला हसू आले नाही. वही काढून पुन्हा पाहिली. तीन खुणा, तीन शहरे. त्याच्या खाली कोरी जागा.

बँकेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. ते गावी गेले होते. "नमुने टाकसाळीकडे पाठवा, उत्तर येईल," म्हणाले. किती दिवसांत? ते त्यांना सांगता येईना. माझ्याकडे उरले होते वीस तासांहून कमी. शेवटी ते म्हणाले, यवतमाळला आमचे एक निवृत्त रोखपाल आहेत, नाण्यांतले त्यांना सगळे कळते, त्यांना विचारा. पत्ता त्यांनी दिला, फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता.

रविवारी सकाळी सहा नाणी पाकिटात घालून, तशी डायरीत नोंद करून मी जीप काढली. रस्ताभर मी घड्याळ पाहत होतो. खरे तर ही नाणी खोटी निघावीत असेच मला वाटत होते. तसे झाले असते तर मी सुटलो असतो. पण तसे वाटते आहे हे लक्षात आल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली.

रोखपाल घरी होते. यवतमाळातले जुने घराणे, तीन पिढ्या कचेऱ्यांत नोकरी केलेले. माझा गणवेश पाहून त्यांच्या पत्नी घाबरल्या, नाण्यांचे काम आहे म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "मग तुम्हीच घाबरा. यांना नाण्यांवर काही विचारलंत तर जेवूनच जावं लागेल."

मी पाकीट उघडले. रोखपालांनी भिंगही मागितले नाही. एकेक नाणे तिरके धरून पाहिले आणि टेबलावर ठेवले.

"कलकत्ता," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कलकत्त्याच्या टाकसाळीची आहेत. सगळी खरी."

"पण त्यावर खूण नाही."

"म्हणूनच कलकत्ता. त्यांची खूणच नसते. इंग्रजांच्या वेळेपासूनची रीत आहे. ती थोरली टाकसाळ. बाकीच्यांनी आपली खूण घालायची म्हणजे वेगळी कळतात." त्यांनी कपाटातून डबा आणला आणि राणीछाप दोन रुपये माझ्या तळहातावर ठेवले. "हा बघा मुंबईचा, इथे बारीक ठिपका. आणि हा कलकत्त्याचा, कोरा. तुम्ही ठिपका नाही म्हणून हा रुपया खोटा म्हणाल का?"

 मला ते पुस्तक, ते पान, ती ओळ सगळे आठवले. पुस्तकात चारही टाकसाळी होत्या. मी खुणा काढून घेत गेलो आणि चौथ्या टाकसाळीपुढे काढण्यासारखे काही नव्हते. म्हणून ती ओळ मी उतरवलीच नाही. एका माणसाला मी त्या न लिहिलेल्या ओळीवर कोठडीत घातले होते.

रोखपालांना माझी अवस्था माहीत नव्हती. ते रंगात आले होते. एक शिवराई काढून म्हणाले, "ही तर हाताने पाडलेली. ठशावर तांब्याचा तुकडा ठेवायचा, वरून दुसरा ठसा, आणि हातोडा. तुकडा ठशापेक्षा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेरच पडायची. दोन शिवराया सारख्या दाखवा, मी तुम्हाला जेवण घालतो. तेव्हा कोणी म्हणत नसे की हे दुसरीसारखं दिसत नाही म्हणून खोटं. पण सराफ एक करायचा. नाणं खरं, चांदी पुरी, पण टाकसाळ परक्या मुलखातली, की त्यावर थोडं कापून घ्यायचा. त्या कपातीला बट्टा म्हणत. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना, तोच. त्यात नाण्याचा दोष काहीच नसतो, बरं का."

मी उठलो. त्यांच्याकडून दोन ओळींचा लेखी अभिप्राय घेतला. त्यांच्या पत्नीने पुढे केलेला चहा उभ्यानेच घेतला आणि अंगणातूनच वरिष्ठांना फोन लावला. ते बराच वेळ बोलत होते आणि मी 'हो सर' म्हणत होतो. शेवटी त्यांनी विचारले, "पत्रकारांना मी काय सांगू?"

"ठाणेदाराची चूक झाली म्हणून सांगा."

"तसं सांगता येत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पण पत्रकार परिषद रद्द झाली.

नेरला पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. ठाण्यात टेबलावर पांढरी चादर घालून नाणी मांडून झाली होती. दोन्ही ठसे पुढे ठेवले होते, आणि खुर्चीच्या पाठीवर काळा बुरखा. जमादारांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता चादरीची चारही टोके धरून गाठ मारली.

पुरावा नाही म्हणून सोडण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला, जातमुचलका घेतला. कायद्याने ते पुरेसे होते. पुढे नमुने टाकसाळीकडे गेले, तिथून खरी असल्याचे उत्तर आले, आणि न्यायालयात 'क' समरी मंजूर झाली. गैरसमजातून दाखल झालेल्या गुन्ह्याला आमच्याकडे 'क' म्हणतात. कोणाच्या गैरसमजातून, त्यासाठी रकाना नसतो.

मिस्त्रींना मी कोठडीतून माझ्या खोलीत आणले, खुर्ची दिली. "तुमची नाणी खरी आहेत," मी म्हणालो. "चूक माझी झाली."

"ते मले मालूम हाय," ते म्हणाले. पहिले वाक्य की दुसरे, ते मी विचारले नाही.

"जीपने घरी सोडतो."

"जीप नको साहेब. जीपनं गेलो तर लोक म्हणतीन, अजून चौकशी चालू हाय. तुमी माह्यासंगं पायी चला. बाजारातून."

मी टोपी घातली. मग ते म्हणाले, "अन् एक दहाचं नाणं घ्या."

त्यांच्या गोणीतले देता येईना, मुद्देमालावर न्यायालयाचा आदेश लागतो. जमादारांनी खिशातले काढून दिले. "घ्या साहेब. पण याची पावती नाई मागत, वापस आणजा म्हणजे झालं."

बाजारातून आम्ही दोघे चालत गेलो. त्यांची पत्नी रिकामा डबा घेऊन चार पावले मागे. लोक दुकानांतून पाहत होते.  मिस्त्री थांबले ते खबर देणाऱ्या किराणा दुकानदारासमोरच. खबर कोणी दिली ते मी त्यांना सांगितले नव्हते. सांगायची गरजही नव्हती.

"साखर द्या," मी म्हणालो आणि नाणे ठेवले. शुगरच्या माणसाच्या शेजारी उभे राहून मी साखर मागितली, एवढे माझे डोके ठिकाणावर नव्हते.

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिले, नाण्याकडे पाहिले, शेजारी पाहिले. "हो हो साहेब, काहून नाई." नाणे गल्ल्यात गेले, साखरेची पुडी आली. मला वाटले, झाले.

बाहेर आल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले, "साहेब, त्यानं तुमची वर्दी घेतली. नाणं नाई घेतलं."

मग ते वळले आणि पायरीवरूनच दुकानदाराला म्हणाले, "उद्या मी एकटा येईन भाऊ. तवा घेजा."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. दुकानदारांनी नाणे परत सरकवले. मला जमादारांकडून कळत असे. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मिस्त्री एक नाणे घेऊन त्या दुकानात जात, दुकानदार नाही म्हणत, ते नाणे उचलून घरी जात. भांडण नाही, आवाज नाही. जिनिंगवाल्यांनी त्या हंगामात बिल्ले दुसरीकडून करून घेतले. मी त्यांना भेटून टाकसाळीच्या उत्तराचा कागद दाखवला. त्यांनी चहा पाजला, कागद वाचला, आणि काम दिले नाही. मी दुकानदारांना समज देऊ का, असे मिस्त्रींना विचारले तेव्हा ते म्हणाले, "नका देऊ. मंग पुन्हा तुमची वर्दीच घेईन तो."

मला त्या महिन्यांत झोप नीट लागत नसे. माणसाला आत टाकायला माझी एक सही पुरली होती. बाहेर आणायला माझ्या सहीचा काहीच उपयोग होत नव्हता. पुढच्या सगळ्या नोकरीत ठाम खात्री वाटली तेव्हाच मी आधी थांबू लागलो. मला जे दिसत नाही ते नाही म्हणून दिसत नाही, की मी कधी टिपलेच नाही म्हणून, हे स्वतःला विचारू लागलो. त्यामुळे काही आरोपी हातचे गेलेही असतील. त्याचे मला दुःख नाही. पोलिसाची शंका दुसऱ्यावर असते तोवर ती कामाची. स्वतःच्या हुशारीवरही ती ठेवता येते, हे मला फार उशिरा, आणि दुसऱ्याच्या खर्चाने कळले.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी मिस्त्री आपणहून ठाण्यात आले. सुटल्यानंतर पहिल्यांदाच. आत न येता दारातच उभे राहिले.

"काय झालं मिस्त्री? घेतलं का?"

"लय गर्दी होती दुकानात. मी नाणं देल्लं, त्यानं तेलाची पिशवी देल्ली, दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलूनच राह्यला होता." ते हसले. "त्यानं पाह्यलंच नाई साहेब. तसंच टाकलं गल्ल्यात."